प्रायश्चित्त कुणाच्या खर्चाने?

सन ९६९. डिसेंबरातल्या एका रात्री कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात, समुद्राच्या बाजूने, काही माणसांना टोपलीत बसवून वर ओढून घेतले गेले. सम्राट निकिफोरस फोकस वैरागी वृत्तीचा. पलंग सोडून जमिनीवर कातड्यावर निजायचा. तिथेच त्याला ठार केले. म्होरक्या होता जॉन त्झिमिस्केस, त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. मामाला मारून भाचा सम्राट झाला. आतून मदत केली ती सम्राज्ञी थिओफानोने; तिचे जॉनशी संबंध होते, असे इतिहासकार लिहितात.

पण राज्याभिषेक व्हायचा तर तो हागिया सोफियात, आणि तिथे वृद्ध धर्माध्यक्ष पॉलियूक्टस आडवा आला. रक्ताने माखलेल्या माणसाला आत घेणार नाही, म्हणाला. तलवारी हाती असलेल्यांना असे सांगायला छाती लागते. त्याच्या अटी अशा: थिओफानोला राजवाड्याबाहेर काढ, खुनी कोण ते सांग आणि बिशपांच्या नेमणुका सम्राटाच्या हाती देणारा निकिफोरसचा हुकूम रद्द कर.

जॉनने तिन्ही मान्य केल्या. वार आपण केला नाही म्हणत साथीदारांची नावे दिली. थिओफानोची रवानगी एका बेटावर झाली. स्वतःची संपत्ती त्याने गरीब शेतकऱ्यांना आणि कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयाला वाटली, म्हणजे पदरचे अगदीच काही गेले नाही असे नाही. नाताळच्या दिवशी त्याच्या डोक्यावर मुकुट चढला.

मला खटकते ती तिसरी अट. खुनाच्या हिशेबात बिशपांच्या नेमणुका कुठून आल्या? पॉलियूक्टस धैर्यवान होता, यात शंका नाही. पण पापाचा जाब विचारता विचारता त्याने आपल्या संस्थेचे जुने येणेही वसूल करून घेतले. ज्याच्यासाठी खून झाला ते सिंहासन मात्र त्याने मागितलेच नाही. पुढे बाराव्या शतकात धर्मशास्त्री बाल्सामोन याने या प्रसंगाचा आधार देऊन लिहिले की, बाप्तिस्म्याने जशी आधीची पापे धुतली जातात तसा राज्याभिषेकाने जॉनचा खूनही धुतला गेला.

थिओफानो बेटावरून निसटून हागिया सोफियाच्या आश्रयाला आली. तिथून तिला ओढून बाहेर काढले आणि दूर आर्मेनियाकडे धाडले. जॉन ९७६ च्या जानेवारीत वारला. त्यानंतर, तिची मुले गादीवर असताना, तिला परत येता आले.