गळ टाकण्यापूर्वीची हिंसा

मासेमारीतील हिंसा मासा गळाला लागतो त्या क्षणी घडते, की गळ, दोरा आणि आमिष यांची जुळवाजुळव करणाऱ्याच्या मनात ती आधीच घडून गेलेली असते, हा प्रश्न भारतीय नीतिविचारात जुना आहे. आणि ज्या ग्रंथात त्याचे अत्यंत नेमके उत्तर सापडते, त्याच्या आधुनिक अभ्यासाशी सोलापूरचे नाव जोडलेले आहे. सोमदेवसूरी या दिगंबर जैन आचार्यांनी राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात, शके 881 मध्ये म्हणजे इ.स. 959 मध्ये, ‘यशस्तिलक’ हा संस्कृत चंपू, म्हणजे गद्य आणि पद्य मिसळून केलेली काव्यरचना, पूर्ण केला. त्यावरील कृष्णकांत हंदिकी यांचा विस्तृत प्रबंध सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने 1949 मध्ये जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केला.

या काव्याच्या अखेरच्या भागात श्रावकाचा, म्हणजे गृहस्थ जैनाचा, आचार सांगताना सोमदेव शेतकरी आणि धीवर यांना शेजारी उभे करतात. नांगराच्या फाळाखाली अगणित जीव मरतात, पण शेतकऱ्याच्या चित्तात धान्य असते, वध नसतो. उलट दिवसभर पाण्याकडे डोळे लावून रिकाम्या हाताने परतणाऱ्या धीवराच्या चित्तात वधाचेच चिंतन चाललेले असते, आणि म्हणून एकही मासा मेला नसताना तो दोषी ठरतो. जैन परिभाषेत हिंसेचे चार प्रकार मानले जातात: ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात अटळपणे होणारी ती आरंभी, चरितार्थाच्या व्यवसायात होणारी ती उद्योगी आणि स्वसंरक्षणात होणारी ती विरोधी. यांपैकी संकल्पी हिंसा गृहस्थालाही पूर्णपणे वर्ज्य आहे.

धीवरावरील हा निकाल कठोर आहे, हे मान्य केले पाहिजे. भीमेकाठच्या भोई आणि कोळी कुटुंबांच्या मनात जाळे टाकताना चुलीवरचे अन्नच असते, म्हणजे जे शेतकऱ्याच्या मनात असते तेच. त्यांच्या कर्माला संकल्पी म्हणणे आणि नांगरटीला न म्हणणे, यात भूक कोणाची हा प्रश्न निसटून जातो. पंढरपुरात चंद्रभागेच्या पात्रात उभ्या असलेल्या पुंडलिकाच्या मंदिरातील पूजाअर्चा परंपरेने कोळी समाजाकडे आहे, आणि गळ्यात तुळशीची माळ घालून मांस-मासे सोडलेला वारकरी त्याच मंदिराच्या पायरीवर डोके टेकवतो. भक्तिपरंपरेने या प्रश्नाला तर्काने उत्तर दिलेले नाही, पण नदीवर जगणाऱ्याला देवापासून दूरही लोटलेले नाही.

सोमदेवांचा निकष ज्याला खऱ्या अर्थाने लागू पडतो, तो छंद म्हणून एकट्याने मासेमारीला निघणारा माणूस होय. आश्विन-कार्तिकात उजनी धरणातून येणारा पुराचा लोंढा ओसरून भीमेचे पाणी निवळू लागले की तो बेत आखतो: कोणत्या डोहात मरळ असेल, रोहूसाठी कोणते आमिष, वाळूउपशाने पडलेले खड्डे टाळून कोणत्या काठावर उभे राहायचे. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील नद्यांवर याच ऋतूत असेच बेत सॅल्मन आणि स्टीलहेड या माशांसाठी आखले जातात. हे मासे समुद्रात वाढून अंडी घालण्यासाठी नदीत परततात. तेथील सॅल्मन अंडी घातल्यावर मरतो, तर स्टीलहेड पुन्हा समुद्राकडे जाऊ शकतो. या बेतांत भूक नाही, व्यवसाय नाही, संरक्षण नाही; हिंसेचे तीन प्रकार वजा केल्यावर केवळ संकल्प उरतो.

यावर दोन बचाव मांडले जातात. पहिला एकांताचा: नदीकाठी एकट्याने घालवलेला दिवस चित्त स्थिर करतो. तो करतो यात शंका नाही, पण नदीकाठच्या एकांताला गळाची गरज नाही, आणि ज्या स्थैर्यासाठी दुसऱ्या जिवाच्या तोंडात लोखंड रुतावे लागते त्याला ध्यान म्हणणे कठीण आहे. दुसरा बचाव पकडलेला मासा पाण्यात परत सोडण्याचा. 2003 मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी रेनबो ट्राउट या माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले, आणि स्टीलहेड ही त्याच जातीची समुद्रात जाऊन येणारी मंडळी. तेव्हा सोडलेला मासा अस्पर्श राहतो असे म्हणता येत नाही.

तरीही सोडण्याच्या कृतीला सोमदेव क्षुल्लक मानत नाहीत. अवंती देशातील मृगसेन या धीवराची कथा त्यांनीच सांगितली आहे. जाळ्यात पहिला येईल त्या माशाला मारायचे नाही, एवढेच व्रत मृगसेन एका मुनीकडून घेतो. पहिला मासा खूण म्हणून चिंधी बांधून सोडतो, आणि पुढे तोच मासा पुन्हा पुन्हा जाळ्यात येतो. पाच वेळा त्याला सोडून तो रिकाम्या हाताने घरी जातो, तेव्हा संतापलेली बायको दार उघडत नाही. काठावर साक्षीदार कोणी नव्हता, व्रत मोडले असते तरी कोणाला कळले नसते. ज्या संकल्पाने धीवर दोषी ठरला, त्याच संकल्पाला येथे बांध घातला गेला, म्हणून या छोट्या व्रताचे फळ कथेत मोठे आहे.

छंदी मासेमाराचे मासा सोडणे आणि मृगसेनाचे मासा सोडणे यांत मात्र एक अंतर आहे. मृगसेनाने सोडला तो त्याचा घास होता; छंदी माणूस मासा सोडतो तेव्हा त्याला नको असलेलेच सोडतो, कारण त्याला हवी असते ती गळाला बसणारी ओढ. त्याच्या व्रताला वजन यायचे असेल तर ते त्या ओढीवरच पडायला हवे: पावसाळ्यात, मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढत असताना, नदीकडे गळ घेऊन न जाणे, आणि एरवी पहिला मासा लागताच, दिवस कितीही उरला असला तरी, दोरा गुंडाळणे. हे बेत आखतानाच ठरवावे लागते, कारण दोरा ताणला गेल्यावर ते ठरवणारे मन जागेवर नसते. त्या पहिल्या माशाचा हिशोब मात्र याने मिटत नाही. मृगसेनाचा पहिला मासा जाळ्यातून अक्षत सुटला होता, गळाचा मासा तसा सुटत नाही.