सबाची नगरी आणि आपल्या वसाहती

पवित्र कुरआनच्या ‘सबा’ या ३४ व्या अध्यायात एका सुखवस्तू जनसमूहाची हकीकत आली आहे. हे लोक यमनचे रहिवासी होते. मआरिब येथील त्यांच्या प्रचंड धरणाचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. त्यांच्या वस्तीच्या उजवीकडे व डावीकडे बागा बहरलेल्या होत्या. दिलेले खावे आणि कृतज्ञ राहावे, एवढीच अल्लाहची त्यांच्याकडून अपेक्षा होती. त्यांनी मात्र पाठ फिरविली. मग धरणाचा पूर आला आणि त्या बागांच्या जागी कडू फळांची झुडपे व थोडी बोरीची झाडे उरली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कुरआनने त्या नगरीला वाईट म्हटलेले नाही; उलट तिला उत्तम नगरी म्हटले आहे. स्वच्छ रस्ते, मुबलक पाणी आणि निर्धास्त झोप या ईशदेणग्याच आहेत. दोष समृद्धीचा नव्हता, कृतघ्नतेचा होता.

त्या कृतघ्नतेचे एक रूप कुरआनने पुढे सांगितले आहे. त्यांच्या मार्गावर जवळजवळ वसलेली गावे होती आणि रात्री-दिवसा प्रवास निर्भय होता. अशा वेळी त्यांनी पालनकर्त्याकडे मागितले ते अंतर! आपल्या प्रवासातील अंतरे लांबवावीत, असे ते म्हणाले. परिणामी ते स्वतःच विखुरले गेले आणि कहाण्यांचा विषय बनले.

बंधू-भगिनींनो, आज अशी प्रार्थना कोणी तोंडाने करीत नाही. पण आपले राहणीमान काय मागत आहे, हे तपासून पाहावे.

नवी मुंबईचे उदाहरण घेऊ. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे एक नियोजित शहर आकारास आले. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर येथे आज रुंद रस्ते, उद्याने आणि उंच इमारती आहेत. रोहे, म्हसळे, श्रीवर्धन या भागांतील कितीतरी मुस्लिम कुटुंबांनी आखातातील कष्टाच्या कमाईतून या परिसरात घरे घेतली. हलाल कमाईचे घर ही शरमेची बाब नाही. त्याबद्दल अल्लाहचे आभार मानले पाहिजेत.

पण ही जमीन ओसाड नव्हती. येथे आगरी-कोळ्यांची गावे होती, भातशेती होती, मिठागरे होती. योग्य मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आपल्या खिडकीखाली दिसणारे जुने गावठाण हे त्या लोकांचे घर आहे. त्यांच्याशी आपला सलाम-नमस्काराइतका तरी संबंध आहे काय?

संकुलाला भिंत असते, फाटकावर नोंदवही असते. सुरक्षेसाठी ते समजण्यासारखे आहे. पण काही ठिकाणी घरकाम करणाऱ्या बाईला रहिवाशांच्या लिफ्टमधून जाण्याची मनाई असते. जी आपल्या मुलाला जेवू घालते, तिच्याबरोबर आपण चार मजले उभे राहू शकत नाही. ही सुरक्षा नव्हे, हेच ते मागून घेतलेले अंतर. गावाकडचे कुलूपबंद घर आणि शेजारी एकाकी राहणारी वृद्ध चुलती हेही त्याच अंतराचे दुसरे टोक आहे.

इस्लामने अंतर कमी करण्याचे मार्ग शिकविले आहेत. ‘निसा’ या अध्यायात जवळच्या शेजाऱ्याबरोबरच परक्या शेजाऱ्याशीही सद्वर्तनाची आज्ञा आहे. माननीय अबूजर (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्सा शिजविताना पाणी वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवण्यास सांगितले. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, हीही प्रेषितांचीच शिकवण आहे. तेव्हा सुरक्षारक्षकाचे नाव माहीत करून घ्यावे. बाईचा पगार तिला मागावा लागू नये. समोरच्या दारी, मग ते कोणत्याही धर्माचे असो, आपल्या घरची वाटी जावी.

जकातीचा हिशेबही काटेकोर असावा. राहत्या घरावर जकात नाही. परंतु निसाबाइतकी मालमत्ता वर्षभर असेल, तर बचतीवर आणि विक्रीच्या हेतूने घेतलेल्या सदनिकेच्या बाजारभावावर अडीच टक्के द्यावेच लागतात. तो गरिबाचा हक्क आहे, आपला उपकार नव्हे.

‘तकासुर’ हा अध्याय आपल्याला बजावतो की, अधिकाधिक मिळविण्याची चढाओढ माणसाला कबरीपर्यंत गाफील ठेवते आणि मग प्रत्येक देणगीबद्दल विचारणा होते. त्या दिवशी घर किती चौरस फुटांचे होते हे महत्त्वाचे ठरणार नाही. त्याचे दार कोणासाठी उघडले, हे विचारले जाईल.

अल्लाह आपल्या वसाहतींना उत्तम नगरी बनवो, आपल्याला कृतज्ञ दास बनवो आणि आपल्यातील अंतरे मिटवो. आमीन.