विहिरीची शर्त

माझा भाचा पुण्यात एका लहान कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. मागच्या रमजानमध्ये इफ्तारनंतर त्याने विचारले, "मामू, फुकट मिळालेली वस्तू विकली तर ती कमाई हलाल का?" त्याच्या साहेबांनी ग्राहकाच्या प्रोग्राममध्ये जीपीएल परवान्याचा कोड वापरला होता, आता फायलींवरची लेखकांची नावे आणि परवान्याचा मजकूर पुसून टाक, असे त्याला सांगितले होते.

विकणे गैर नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती काढली तेव्हापासून हा परवाना पैसे घेऊ देतो. अट अशी की, ज्याला प्रोग्राम द्याल त्याला मूळ कोडही द्या, आणि तो बदलण्याचा, पुढे वाटण्याचा तुम्हाला मिळालेला हक्क त्यालाही द्या. त्यात मिसळून एक केलेला तुमचा स्वतःचा कोडही याच अटीत येतो. एमआयटी परवाना सदक्यासारखा आहे. लेखकाचे नाव आणि परवाना राखला की पुढे तुम्ही मोकळे. जीपीएल मात्र वक्फच्या जवळ जातो. हजरत उस्मान (र.) यांनी मदीनेतील रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. अशा विहिरीचे पाणी घरी नेता येते, तिला कुंपण घालता येत नाही. शरियतच्या विरोधात नसलेली वाकिफची शर्त पाळावीच लागते, हे फिकहने केव्हाच ठरवले आहे.

तुलना पूर्ण जुळत नाही. बहुतेक फकीहांच्या मते वक्फ झालेली वस्तू वाकिफच्या मालकीची उरत नाही. कोडचा कॉपीराइट लेखकाकडेच राहतो. पण शर्तीचे वजन दोन्हीकडे सारखेच.

"आम्हाला ठाऊक नव्हते" ही सबब जुनी आहे. २००३ मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्सचा कोड सापडला. तो चिप पुरवणाऱ्यामार्फत, त्याच्याही पुढच्या ठेकेदाराकडून आला होता. लिंकसिस विकत घेणाऱ्या सिस्कोला ती जबाबदारी झटकता आली नाही. कोड खुला करावा लागला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. तरी तक्रारी मिटल्या नाहीत. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला, २००९ मध्ये तडजोड झाली.

मला खरी अडचण वाटते ती जिथे कायदा गप्प बसतो तिथे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या छोट्या प्रोग्राममधले मोठे भगदाड उघडकीस आले. जगातल्या बड्या कंपन्या त्यावर विसंबून होत्या, आणि तो सांभाळणारे मूठभर स्वयंसेवक, आपापली नोकरी सांभाळून रात्री जागणारे. कंपन्यांनी परवाना मोडला नव्हता. म्हणून त्या माणसांचे काही देणे नव्हते, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्या, हे ऐकत आपण वाढलो. ज्याने मजुरी मागितलीच नाही, त्याचे काय?

साहेबांची भीती खोटी नाही. कोड हाती आला की ग्राहक पुढची दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घेईल, आणि लहान कंपनीचे पोट दुरुस्तीवरच चालते. भाच्याचाही घराचा हप्ता आहे. मी त्याला एवढेच म्हटले, "बेटा, दुसऱ्याचे नाव पुसणे ही खियानत आहे. ते तू करू नकोस."

त्याने नावे पुसली नाहीत. ग्राहकाला कोड द्यायचा की तेवढा भाग नव्याने लिहायचा, यावर त्यांच्या ऑफिसात अजून वाद चालू आहे.