न साठवणाऱ्याचा वाटा

एका प्रयोगशाळेच्या कपाटात कथील, कोबाल्ट आणि कार्बन यांच्या भुकट्या शेजारी शेजारी होत्या. लिथियम-आयन बॅटरीचा ॲनोड कोणी व्हायचे, यावर त्यांचा नेहमी वाद चाले.

कथील म्हणे, "ग्रॅफाइट ग्रॅममागे फार तर ३७२ मिलिअँपिअर-तास साठवतो. माझी मजल ९९० पर्यंत. हा कोबाल्ट तर लिथियमला हातही लावत नाही. त्याला सोबत घेतलं तर नुसतं वजन वाढेल."

कोबाल्ट गप्प राही.

संशोधिकेने आधी नुसत्या कथलाची भुकटी तांब्याच्या फॉइलवर लेपून सेल बांधला. सुरुवातीला आकडा खरोखरच मोठा आला. पण लिथियम सामावताना कथलाचे कण आकारमानाने जवळपास साडेतीन पट होत आणि ते सोडताना आक्रसत. या फुगण्या-आक्रसण्याने त्यांना तडे गेले. उघड्या पडलेल्या प्रत्येक नव्या पृष्ठभागाची इलेक्ट्रोलाइटशी अभिक्रिया होऊन लिथियम अडकून पडले. कित्येक कण फॉइलपासून सुटले. त्यांच्यात साठा होता, पण वीज बाहेर यायला वाट नव्हती. चार्ज-डिस्चार्जच्या थोड्याच फेऱ्यांत सेल निकामी झाला.

मग तिने तिन्ही भुकट्या पोलादी गोळ्यांसह बॉल मिलच्या भांड्यात घातल्या. त्यांना हवा लागू नये म्हणून आत आर्गॉन भरला. गोळ्यांच्या माऱ्याने कण फुटत, चेपून एकमेकांशी जुळत, पुन्हा फुटत. तासन्‌तास असे चालल्यावर कथील-कोबाल्टचे अतिसूक्ष्म कण कार्बनमध्ये विखुरले गेले.

या भुकटीच्या सेलमध्ये कथील फुगू लागले, तेव्हा कोबाल्टने ताण पेलला. कार्बनने कणांची ढेकळे होऊ दिली नाहीत आणि विजेची वाट मोकळी ठेवली. आकडा नुसत्या कथलाहून कमी होता, पण फेरीमागून फेरी टिकला.

कथील म्हणाले, "कोबाल्ट, तू तर अजूनही काहीच साठवत नाहीस!"

"नाहीच साठवत," कोबाल्ट म्हणाला. "तू फुगतोस तेव्हा कुणीतरी न फुगता उभं राहायला हवं. मीही लिथियम घेतलं असतं, तर तुला धरलं कुणी असतं?"

२००५ साली जपानच्या सोनीने याच तिघांच्या ॲनोडची 'नेक्सेलियन' बॅटरी व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी बाजारात आणली.

तात्पर्य : साठवणाऱ्याचा हिशेब आकड्यांत दिसतो, सांभाळणाऱ्याचा दिसत नाही. ज्याच्या नावावर काहीच जमा नाही, त्याला वगळण्याआधी तो कोणाला धरून उभा आहे, हे पाहावे.