चिठ्ठीचा न्याय

आजाऱ्याच्या उशाशीं बसून वैद्यानें चिठ्ठ्या टाकाव्या, ही कल्पनाच मनास झोंबणारी आहे. वांटणीच्या वेळीं भावांभावांत चिठ्ठ्या टाकतात हें आपण समजूं शकतों. परंतु ज्याच्या हातांत औषध आहे त्यानें तें कोणास द्यावें हें दैवावर सोंपवावें, यांत दयेला रजा दिल्यासारखें वाटतें. आणि तरीहि गेल्या पाऊणशें वर्षांत वैद्यकानें औषधांविषयीं जें निश्चित ज्ञान मिळविलें, त्यांतील पुष्कळसें अशा चिठ्ठ्यांतूनच निघालें आहे. तेव्हां हें निर्दयपण खरें कीं भासमान, याचा विचार करणें प्राप्त आहे.

क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हें औषध अमेरिकेंत 1943 सालीं सांपडलें. युद्धानें खंक झालेल्या इंग्लंडला तें थोडेंच विकत घेतां आलें. तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलनें 1947 सालीं, दोन्ही फुप्फुसांत वेगानें पसरणारा क्षय झालेले 107 तरुण रोगी निवडले, आणि औषध कोणास द्यावयाचें हें बंद पाकिटांतील चिठ्ठीवर ठरविलें. 55 जणांना औषध व विश्रांति मिळाली. 52 जणांना नुसती विश्रांति. सहा महिन्यांनीं पहिल्यांपैकीं 4 दगावले होते, दुसऱ्यांपैकीं 14. ही चिठ्ठीची योजना आंखणारे ब्रॅडफर्ड हिल स्वतः पहिल्या महायुद्धाच्या काळीं क्षयानें अंथरुणास खिळले होते. डॉक्टर होण्याचा त्यांचा बेत त्या दुखण्यानेंच मोडला. आंकडेशास्त्र्याला अंतःकरण नसतें असें म्हणणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

त्या चौदांपैकीं एखाद्याच्या आईनें विचारलें, ‘माझ्याच मुलाला कां नाहीं?’ तर उत्तर काय? औषध सर्वांना पुरण्याजोगें नव्हतें, हें एक उत्तर आहे आणि तें खरेंहि आहे. चिठ्ठी नसती तर निवड वशिल्यानें, ओळखीनें किंवा पैशानें झाली असती. आणि त्या निवडीचा न्याय आपण भारतीयांस कोणी समजावून द्यावयास नको. परंतु हें उत्तर सोपें आहे. औषध मुबलक असतें तर? तेथें हें उत्तर लंगडें पडतें, व दुसरें शोधावें लागतें.

तें आम्हांस सोन्याच्या हकीकतींत सांपडतें. 1924 च्या सुमारास कोपनहेगन येथून सॅनोक्रायसिन नांवाचा सोन्याचा क्षार क्षयावर पुढें आला. सोन्यावरील माणसाची श्रद्धा सगळीकडे सारखीच. आपल्याकडे सुवर्णवसंतमालती काय थोडीं वर्षें चालत आहे! युरोपांतील भल्या भल्या डॉक्टरांनीं तो क्षार टोंचला, आणि बरे झालेले रोगी औषधानें बरे झाले व मेलेले रोगानें मेले, असा हिशेब मांडला. पुढें अमेरिकेंत 24 रोग्यांच्या दोन बरोबरीच्या तुकड्या पाडून, औषध कोणत्या तुकडीस द्यावयाचें हें नाणें उडवून ठरविलें. 1931 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गुण नाहीं, अपाय मात्र आहे. म्हणजे नाणें उडविणारा निर्दय नव्हता. ज्यांनीं पूर्ण दयेनें, हात न कांपतां, शेंकडों रोग्यांच्या शिरेंत तो क्षार घातला, त्यांच्याच हातून अधिक इजा झाली. वैद्याला खरोखर ठाऊक नसतांना ठाऊक आहे असें धरून चालणें, हाहि रोग्यावर केलेला प्रयोगच होय. फक्त त्याची नोंद कोठें राहत नाहीं.

स्ट्रेप्टोमायसिनचीच पुढची गोष्ट पाहा. औषध घेणाऱ्यांपैकीं बऱ्याच जणांना भोंवळ येऊं लागली. रोगजंतु औषधास सरावले. पांच वर्षांच्या अखेरीस पहिल्या गटांतील 32 व दुसऱ्या गटांतील 35 जण मरण पावलेले होते! पहिल्या सहा महिन्यांच्या यशावर थांबले असते, तर दोन औषधें एकत्र दिल्यानें जंतूंचें सरावणें रोखतां येतें, हा पुढचा शोध कदाचित् लांबणीवर पडला असता.

1956 सालीं मद्रासेंत आरंभिलेला प्रयोग आपल्या घरांच्या अधिक जवळचा आहे. तेथें चिठ्ठीनें ठरलें तें एवढेंच, कीं गोळ्या सॅनॅटोरियममध्यें घ्यावयाच्या कीं घरीं. क्षयी माणसाला मिरजेस नाहीं तर पांचगणीस ठेवण्यासाठीं ज्या कुटुंबांनीं दागिने मोडले, त्यांना हा प्रश्नच वेडेपणाचा वाटला असता. परंतु दाटीच्या वस्तींत, अपुऱ्या अन्नावर राहून गोळ्या घेणारे रोगी सॅनॅटोरियममधल्यांच्या जवळजवळ बरोबरीनें सुधारले, आणि घरच्यांना अधिक लागणहि झाली नाहीं. हवापालटाची आमची परंपरागत श्रद्धा या एका प्रयोगानें मोडीत निघाली. आम्हांला तिचें थोडें वाईट वाटतें, हें कबूल करतों.

चिठ्ठीचें एवढें समर्थन केल्यावर एका गोष्टीचें मात्र आम्हांस करवत नाहीं. त्या 52 जणांना, आपण एका प्रयोगांत आहोंत व इतर रोग्यांना नवें औषध दिलें जात आहे, हें सांगण्यांत आलें नव्हतें. सांगणें क्रूरपणाचें झालें असतें असें त्या वेळच्या डॉक्टरांना वाटलें. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु ज्याच्या आयुष्याची चिठ्ठी टाकली गेली त्यालाच ती टाकल्याचें ठाऊक नसावें, येथें न्याय संपला असें आम्ही समजतों. चिठ्ठी निःपक्षपाती आहे, म्हणून ती लपविण्याचा अधिकार येत नाहीं.

आतां आपल्या देशांतहि कायद्यानें रोग्याची स्वतःची लेखी संमति आवश्यक केली आहे. तो शुद्धींत नसेल किंवा असमर्थ असेल, तरच आप्तांना त्याच्या वतीनें सही करतां येते. नियम उत्तम आहे. परंतु आमच्या सुशिक्षित घरांतला रिवाज आम्ही जाणतों. डॉक्टर बोलावयास बसले कीं थोरला मुलगा त्यांना व्हरांड्यांत नेतो. दुखण्याचें नांव ‘त्यांच्या कानावर जाऊं नये’ म्हणून सून दार ओढून घेते. कागद आंत जातो, ‘बाबा, येथें सही करा, औषधाचा कागद आहे’, आणि बाबा चष्माहि न मागतां सही करतात.