मेंढ्या, वारा आणि टॉम मॉरिस

सुंदर वस्तू दिसली की तिचा कर्ता कोण, हे विचारण्याची आपल्याला खोड असते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट अँड्र्यूज या जुन्या विद्यापीठगावातील ‘ओल्ड कोर्स’ हे गोल्फचे मैदान मात्र या प्रश्नाला दाद देत नाही. मी गोल्फ खेळत नाही, आणि खेळणाऱ्यांच्या गप्पा फार वेळ ऐकूही शकत नाही. पण जगातल्या कित्येक मैदानांनी ज्याच्याकडे पाहून आपला चेहरा घडवला, त्या मैदानाला रचनाकारच नसावा, ही गोष्ट मनात शिरली ती गेली नाही.

समुद्र मागे सरताना वाळू टाकून जातो, वारा तिच्या टेकड्या रचतो, त्यांवर बारीक, चिवट गवत धरते. नांगराला नको असलेल्या या खारट पट्टीला तिथे ‘लिंक्स’ म्हणतात. तिच्यावर मेंढ्या चरल्या, सशांनी बिळे केली, आणि उत्तर समुद्राचा बोचरा वारा चुकवण्यासाठी त्याच मेंढ्या टेकाडांच्या आडोशाला अंग चोरून बसत राहिल्या. बसून बसून गवत झिजले, उघड्या पडलेल्या वाळूचा खळगा वाऱ्याने आणखी कोरला. आजचा खेळाडू ज्या बंकरमध्ये चेंडू गेला म्हणून कपाळाला हात लावतो, त्या बंकरचे मूळ असे एका थंडीने कुडकुडणाऱ्या जनावराच्या बैठकीत असल्याचे परंपरा सांगते. ग्रीनचे, म्हणजे खळीभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीचेही, तसेच. पूर्वी जाताना आणि परतताना त्याच खळींवर खेळत. गर्दी वाढली तेव्हा एकाच ग्रीनवर दोन खळी पाडल्या. आज तिथे सात जोडग्रीन आहेत, आणि दुसरी खळ सोळावीच्या, तिसरी पंधरावीच्या शेजारी अशी प्रत्येक जोडीची बेरीज अठरा येते. एखाद्या गणितज्ञ स्थपतीची ही लीला वाटावी. प्रत्यक्षात ती गेल्या वाटेने परत येणाऱ्या माणसांची पाऊलवाट आहे. काळ कधी कधी इतका नेटका हिशेब ठेवतो की त्यामागे हेतू नव्हता, हे मानायला मन तयार होत नाही.

ज्याला कर्ता नाही, त्याला मालक तरी असावा का? 1552च्या एका सनदेने आर्चबिशप हॅमिल्टन यांना या जमिनीवर ससे पाळण्याची मुभा मिळाली, पण गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि गुरेचराई यांवरचा गावाचा हक्क त्याच कागदात अबाधित राहिला. म्हणजे हे गावाचे गायरानच. आणि गायरानांच्या नशिबी जे येते तेही त्याच्या वाट्याला आले: 1797मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने ते विकले, सशांचे व्यापारी आले, आणि खेळणारे विरुद्ध ससे पाळणारे असा झगडा चीप नावाच्या एका जमीनदाराने 1821मध्ये ही भूमी घेईपर्यंत धुमसत राहिला. पुढे 1894मध्ये गावाने संसदेच्या कायद्याद्वारे ती परत मिळवली. आज तिचा कारभार एका विश्वस्त संस्थेकडे आहे. गावकऱ्यांना तर 1946पर्यंत खेळायला दमडीही पडत नसे.

गायरान सशांच्या झगड्यातून सुटले, त्याच 1821 साली टॉम मॉरिसचा जन्म झाला. योगायोगांवर फार भार टाकू नये, हे कळते. तरी मन रेंगाळते. हा गावचाच कारागीर. चेंडू बनवणाऱ्याच्या हाताखाली शिकला, आणि 1865पासून या मैदानाचा राखणदार झाला. मुइरफील्ड, मॅक्रिहानिश अशा कितीतरी मैदानांवर त्याचा हात फिरला, पण त्याच्या आखणीत आखणे थोडे आणि ओळखणे जास्त असे. दिवसभर टेकाडांतून चालायचे, वाळूने आधीच कुठे ग्रीन मांडून ठेवले आहे ते पाहायचे, तिथे खूण करायची. ओल्ड कोर्सवर त्याने वाळू पसरून गवत सशक्त केले, माजलेली काटेरी झुडपे हटवली, आणि रविवारी मैदान बंद ठेवण्याचा आग्रह धरला, कारण माणसाला नको असली तरी जमिनीला विश्रांती हवी असते, असे त्याचे मत असल्याचे सांगतात. त्याचा मुलगा टॉमी त्याच्याहून श्रेष्ठ खेळाडू. 1868च्या ओपन स्पर्धेत मुलगा पहिला, बाप दुसरा. 1875मध्ये टॉमीची पत्नी बाळंतपणात गेली आणि काही महिन्यांतच, नाताळच्या दिवशी, चोविसाव्या वर्षी टॉमीही गेला. बाप त्यानंतर 32 वर्षे जगला. एवढ्या सकाळी त्याने त्याच गवतावर कशा काढल्या असतील? जे आपण घडवले ते निघून जाते आणि जे आपण केवळ सांभाळले ते उरते, हा अनुभव पचवायला कोणते बळ लागते, मला ठाऊक नाही.

राखणदारांनंतर रचनाकारांचे युग आले. अलिस्टर मॅकेन्झी हा मूळचा शल्यवैद्य. बोअर युद्धात शत्रूने भूमीशी एकरूप करून लपवलेले खंदक त्याने पाहिले, आणि मानवनिर्मित वस्तू निसर्गनिर्मित भासली पाहिजे, हे तत्त्व तो तिथून गोल्फमध्ये घेऊन आला. ओल्ड कोर्सचा चढउतार टिपणारा त्याचा 1924चा नकाशा आजही लोक भिंतीवर लावतात. मला तो शिष्याने काढलेल्या गुरूच्या चित्रासारखा वाटतो. पुढे गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर त्याने अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल हे मैदान उभारले. 1921मध्ये याच ओल्ड कोर्सवर वैतागून खेळ अर्धवट सोडणारा जोन्स पुढे त्या मैदानाचा परमभक्त झाला होता, त्यामुळे ऑगस्टाच्या रचनेत ओल्ड कोर्सचे संस्कार उतरले. उतरला नाही तो त्याचा मोकळेपणा. गुरूच्या अंगणात रविवारी कुत्री हुंदडतात. शिष्याच्या बागेत सभासदाच्या निमंत्रणावाचून चेंडू टेकवता येत नाही. रूप उचलता येते, गावकी कशी उचलणार?

अर्थात मोकळेपणाचीही किंमत वाढली आहे. हंगामात एका फेरीचे शुल्क तीनशे पौंडांवर जाते, हँडिकॅपचा, म्हणजे खेळातल्या कौशल्याच्या मोजमापाचा, दाखला लागतो, पाहुण्यांपैकी अनेकांचे नशीब दोन दिवस आधी निघणाऱ्या सोडतीवर ठरते. एकटे आलेले खेळाडू रात्रभर पॅव्हिलियनबाहेर कुडकुडत रांग लावत; 2024पासून त्यांच्यासाठीही सोडत आली. सोय झाली खरी, पण रांगेत अनोळखी माणसाशी पहाटेपर्यंत होणाऱ्या गप्पा गेल्या. 2023मध्ये स्विल्कन ओढ्यावरच्या, मुळात गुरे पार नेण्यासाठी बांधलेल्या इवल्याशा दगडी पुलापाशी, छायाचित्रांसाठी उभ्या राहणाऱ्यांनी गवत तुडवले म्हणून व्यवस्थापनाने फरशी घातली. एवढा गदारोळ उठला की काही दिवसांतच ती उखडावी लागली. टीका करणाऱ्यांत असे कितीतरी असतील, ज्यांनी स्वतः तिथे उभे राहून छायाचित्र काढून घेतले होते. त्यांना मी दोष देत नाही. आपल्या पावलांची झीज आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याने घातलेली फरशी तेवढी दिसते.

या साऱ्या मानमरातबाच्या शेजारीच ‘हिमालय’ नावाची एक उंचसखल हिरवळ आहे. हिंदुस्थानाशी या गावाचा धागा जुनाच; तिथल्या रॉयल अँड एन्शंट क्लबच्या वसंतातील स्पर्धेत आजही ‘बॉम्बे मेडल’ दिले जाते. खांद्यावर काठी उचलणे स्त्रियांना शोभत नाही, असे मानणाऱ्या काळात, 1867मध्ये, गावातल्या बायकांनी चेंडू केवळ ढकलत खेळण्याचा आपला क्लब काढला, आणि त्याच टॉम मॉरिसने त्यांना ही हिरवळ आखून दिली. शेजारच्या पुरुषांच्या क्लबाने स्त्रियांना सभासद करून घेतले ते 2014मध्ये. बायकांच्या हिमालयावर मात्र आज कोणीही जावे, थोडे पैसे मोजावेत, काठी आणि चेंडू घ्यावा. हँडिकॅप कोणी विचारत नाही. उंचवटे असे लबाड की कसलेल्या खेळाडूचा चेंडू वळून त्याच्याच पायाशी येतो, आणि आजीबरोबर आलेली सात वर्षांची मुलगी त्याला आपल्या खळीपासून बाजूला व्हायला सांगते.