वाघातही विठ्ठल आहे काय?

वारकरी म्हणजे वाटसरू. आज या गावी मुक्काम, उद्या पुढल्या गावी. वाटेतल्या गावाचे पाणी प्यावे, घटकाभर सावलीला बसावे आणि रामकृष्ण हरि म्हणून उठावे, ही आपली रीत. पण एखादे गाव असे भेटते की, आपण निघालो तरी ते काही आपल्यातून निघत नाही. यंदाच्या चैत्रात आमचे तसेच झाले.

एका खेड्यातल्या हरिनाम सप्ताहाला जात होतो. वाटेत चिमूरला मोटार बदलायची होती. चंद्रपूर जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. इथे बालाजीचे जुने देऊळ आहे, माघात घोडायात्रा भरते. १९४२ च्या ऑगस्टात इथले साधे शेतकरी परक्या सत्तेपुढे छाती काढून उभे राहिले, म्हणून गावाचे नाव देशभर झाले. तालुक्यात धान पिकते, कापूस-सोयाबीन पिकते. आणि जवळच ताडोबाचे जंगल. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, महाराष्ट्रातले पहिले. वाघ पाहायला तिथे दूरदूरची माणसे येतात. पहाटेच्या काळोखात उघड्या जीपगाड्या भरून जातात. त्यांच्या मनात एकच मागणे असते, ‘देवा, आज वाघ दिसू दे.’ आणि त्याच वेळी आसपासच्या खेड्यांतली माणसे टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला निघतात. त्यांचेही मागणे एकच असते, ‘देवा, आज वाघ दिसू देऊ नको.’ एकाच पहाटे, एकाच देवाला ही दोन मागणी! आता त्याने कोणाचे ऐकावे?

स्टँडाजवळ चहाच्या टपरीवर बसलो होतो. कपबशा विसळणाऱ्या एका बाईने आमच्या गळ्यातली माळ पाहिली. पदराला हात पुसून जवळ आली, नमस्कार केला आणि म्हणाली, “महाराज, एक इचारू का जी? नामदेव महाराजाची गोष्ट मी सप्त्यात आयकली. कुत्र्यानं भाकर पळवली, तं महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. कुत्र्यात इठ्ठल दिसला त्याईले. मंग वाघातबी इठ्ठल हाये काय?”

आम्ही लगेच म्हणालो, “माउली, तो सर्वांभूती आहे. वाघातही आहे.”

ती थोडी थांबली. मग म्हणाली, “माह्या घरधन्याले मागच्या साली वाघानं नेलं. मोह वेचाले गेले होते.”

तेवढ्यात मोटार आली. आम्ही उठलो. काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, “धीर धर, माउली.” ती म्हणाली, “तुमी तं जाता जी महाराज. आमाले इथंच राहा लागते.”

सज्जनहो, सात दिवस कीर्तन केले, पण ते एक वाक्य काळजातून हलले नाही. आमचे उत्तर खोटे होते काय? खोटे नव्हते. विस्तव चुलीतला आणि वणव्यातला एकच, तसा चैतन्याचा अंश कुत्र्यात आणि वाघात एकच. पण विस्तव एकच म्हणून वणव्यात हात घाल, असे कोणता शहाणा सांगेल? देव सर्वत्र पाहावा, वागणे मात्र विवेकाने ठेवावे.

चांगदेवांची कथा आपण सारे जाणतो. वाघावर बसून, हातात सर्पाचा चाबूक घेऊन ते माउलींच्या भेटीला आले. वाघ जिंकल्याचा केवढा डौल! माउलींनी काय केले? बसल्या जागची भिंत चालवली आणि चांगदेवांना वाघावरून खाली उतरावे लागले. संतांच्या अंगणात वाघावर बसणाऱ्याची थोरवी नाही. मग थोरवी कोणाची? याचे उत्तर आम्हांला पोथीत नव्हे, ताडोबातच सापडले.

त्या जंगलाचे नाव तारू या देवावरून पडले. तारू हा गावाचा मुखिया, वाघाशी झुंजता झुंजता मेला, अशी तिथली कथा आहे. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे. पौषात आदिवासी बांधवांनी त्याच्या पूजेला यायचे, ही जुनी रीत. नीट विचार करा. वाघाने मारलेल्या माणसाचा त्यांनी देव केला, पण वाघाचा निर्वंश मागितला नाही. जंगल जाळले नाही. मेलेल्याला विसरले नाहीत आणि मारणाऱ्याचे रानही मोडले नाही. याहून मोठी भूतदया कोणती? आपली भूतदया भाकरीच्या तुकड्याएवढी. त्यांनी तिची किंमत घरच्या माणसाने मोजली.

इथेच आमचे चुकले. भूतदयेचा उपदेश आम्ही करायचा आणि तिचे मोल त्या बाईने द्यायचे, हा कुठला न्याय? वाघ जगला पाहिजे, रान राहिले पाहिजे. रान आहे म्हणून पाऊसपाणी आहे, नद्या-नाले आहेत. त्याचे सुख सगळ्यांना, मग त्याचा भार एकट्या रानाकाठच्या शेतकऱ्यावर का? दिंडीत म्हाताऱ्याचे गाठोडे तरुण उचलतो. तसाच हा भार वाटून घेतला पाहिजे. हीच खरी पूजा.

म्हणून काल्याच्या कीर्तनात आम्ही त्या गावकऱ्यांना सांगितले, मोहाला एकट्याने जाऊ नका. उजाडल्याशिवाय जाऊ नका. वाकून वेचणारा माणूस वाघाला चार पायांचे जनावर भासतो, म्हणून चौघे वेचतील तेव्हा एकाने उभे राहून चौफेर नजर ठेवावी. ज्या घरचा माणूस गेला, त्या घरची पेरणी भजनी मंडळाने करून द्यावी. सरकारी मदतीच्या कागदांसाठी लिहिता येणाऱ्याने सोबत जावे. टाळ धरणारे हात एवढे करणार नसतील, तर टाळ वाजवून काय उपयोग?

परतताना आम्ही चिमूरला मुद्दाम उतरलो. ती माउली तिथेच होती. तिला म्हणालो, “माउली, आमचे उत्तर खरे होते, पण फुकटचे होते. विठ्ठल वाघात आहे, तसा तुझ्या लेकरांतही आहे. वाघातल्या विठ्ठलाला रान राखते. लेकरांतल्या विठ्ठलाला आम्ही सगळ्यांनी राखायला हवे. ते आम्ही विसरलो.”

ती काही बोलली नाही. बाकावरचे पाणी पुसले आणि म्हणाली, “बसा जी महाराज. चहा मांडतो.”

त्या दिवशी आम्ही पहिली मोटार जाऊ दिली.

रामकृष्ण हरि!